पोळ्याला बैल सजवला, मेल्यावर ओढला कोणी?

श्रावणी अमावास्या आली की मोबाईलवर पोळ्याच्या फोटोंचा पूर येतो. खांदेमळणी, झूल, बाशिंग, पुरणपोळीचा घास. आपली पोरंही 'आमचं गाव, आमची संस्कृती' लिहून ते पुढे पाठवतात.

बैलावर आमचा राग नाही. राबणाऱ्या जनावराला एक दिवस विसावा द्यावा, यात वावगं काय? आमचा प्रश्न वेगळा आहे. हाच बैल गोठ्यात मेला की गावाबाहेर ओढत कोण नेत होतं?

तोरणाखाली पहिली जोडी पाटलाची, मानाची. मेलेलं ढोर ओढायचं काम महाराचं. मोबदला काय, तर त्याच ढोराचं मांस. आणि ते खातो म्हणून पुन्हा विटाळ त्यालाच! वेठीला 'हक्क' म्हणायचं आणि त्या हक्काचीच शिक्षा द्यायची, हा गावगाड्याचा न्याय होता.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृतमांस सोडा म्हणून सांगितलं. १९२८ साली महार वतनाच्या गुलामीविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा गावोगाव बहिष्कार सोसले. आज आपण ताठ मानेने फिरतो ती त्यांची कमाई आहे.

हे सगळं जुनं झालं, असं कोणी म्हणेल. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना उघडं करून भर रस्त्यात मारलं. तेव्हा तिथल्या समाजाने मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली. तुमची माता, तुम्हीच सांभाळा! महाडचाच तो धडा होता.

मग पोळ्याच्या मिरवणुकीत मान मागायचा का? आम्ही म्हणतो, नको. बैल दावणीला बांधायला आधी जमीन लागते, आणि गावाने आपल्याला नेमकी तीच दिली नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो यासाठीच. आजही गायरान कसणारी कितीतरी कुटुंबं सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहत आहेत.

म्हणून तरुणांनो, यंदा पोळ्याचा फोटो टाकण्याआधी तलाठ्याकडे जा. गाव नमुना १-ई मधल्या अतिक्रमणाच्या नोंदी मागा. आपल्या वस्तीतलं कोण किती वर्षं गायरान कसतंय, ते लिहून काढा. बाशिंग बैलाला शोभतं. आपल्याला सातबारा हवा.

जय भीम!