पाणबुडी बांधायला विसरलेलं गाव

गेल्या वर्षी एका एक्सेल शीटमध्ये मी 'पूर्ण' असा एक शब्द टाईप केला. तो शब्द अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पोस्ट.

शीट होतं केटीचं, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरचं. (आयटीवाल्यांना सांगायला नको, पण इथे येणारे सगळेच काही आयटीवाले नाहीत.) आमच्या टीममधले सगळ्यात सिनिअर गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, प्रोजेक्ट संपल्यावर 'जादा' ठरले. दहा दिवसांची केटी झाली. रेकॉर्डिंग झाली, चाळीस पानी डॉक्युमेंट झालं. त्यांचं सगळं काम मला समजलं आहे असं मी लिहून दिलं आणि काका गेले. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी एका गावाची गोष्ट.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेस नावाचं गाव आहे. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या एका तुकड्याच्या टोकाला, अगदी आडबाजूला. वाटेत लागलं म्हणून कुणी तिथे थांबत नाही. पण ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्या तिथे शंभराहून अधिक वर्षं बांधल्या जातायत. आजोबा गोदीत, वडील गोदीत, मुलगाही गोदीत, असा मामला.

या गावाने 'अॅस्ट्यूट' वर्गाच्या अणुपाणबुड्या बांधल्या. अणुपाणबुडी म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो, तर तसं नाही. ही हल्लेखोर पाणबुडी. अणुभट्टी फक्त इंजिनासाठी. शस्त्रं म्हणजे टॉर्पेडो आणि टॉमहॉक क्षेपणास्त्रं, एकूण ३८ मावतात. लांबी ९७ मीटर. रोल्स-रॉइसच्या अणुभट्टीत पंचवीस वर्षं इंधन भरावं लागत नाही. हवा आणि पाणी आतच तयार होतं. त्यामुळे खलाशांचं जेवण संपलं तरच परत यायचं! शत्रूच्या पाणबुडीच्या मागे महिना-महिना गुपचूप फिरणं हे तिचं काम, म्हणून आतला प्रत्येक पंप, प्रत्येक पाईप असा बसवावा लागतो की त्याचा आवाज बाहेर जाता कामा नये. माणसांनी बनवलेल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी हे एक.

आणि हे यंत्र बनवायचं कसं हे बॅरो विसरून गेलं होतं.

झालं असं. १९९० च्या आसपास शीतयुद्ध संपलं. ब्रिटनने पुढच्या पिढीच्या हल्लेखोर पाणबुडीचा महागडा प्रकल्प गुंडाळला आणि त्याऐवजी ठरवलं की आधीच्या 'ट्रॅफल्गार' वर्गाचीच थोडी सुधारित आवृत्ती काढू. आपल्या भाषेत व्हर्जन दोन पॉईंट झिरो नको, वन पॉईंट वन चालेल. पण हाताशी असलेली नवी अणुभट्टी 'व्हॅनगार्ड' या खूप मोठ्या पाणबुडीसाठी बनवलेली. ती आत बसवायची तर पाणबुडीचं पोट वाढवायला हवं. पोट वाढलं की बाकीचं सगळंच बदललं. 'छोटासा चेंज' म्हणून आलेलं काम शेवटी संपूर्ण नवीन डिझाईन झालं. ओळखीचं वाटतंय ना?

कंत्राट मार्च १९९७ मध्ये मिळालं जीईसी-मार्कोनीला. ही इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी. तिने बॅरोची गोदी १९९५ मध्येच विकत घेतली होती. १९९९ मध्ये हा सगळा संरक्षण व्यवसाय बीएई सिस्टिम्समध्ये गेला. म्हणजे दोन वर्षांत मालक बदलला. डिझाईन पुरेसं पक्कं व्हायच्या आधीच किंमत ठरवून टाकलेली होती. संरक्षण खात्यानेही 'आम्ही लक्ष ठेवू, हात घालणार नाही' असं धोरण घेतलं आणि स्वतःकडचे जाणकार इंजिनिअर कमी केले. त्यामुळे गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तर ते ओळखणारं माणूस ना इकडे, ना तिकडे.

पण माझ्या मते खरं दुखणं यातलं काहीच नव्हतं. खरं दुखणं होतं मधली रिकामी वर्षं. व्हॅनगार्ड वर्गातल्या शेवटच्या पाणबुडीचं बांधकाम सुरू झालं १९९३ मध्ये. 'अॅस्ट्यूट'चं सुरू झालं ३१ जानेवारी २००१ ला. मधली आठ वर्षं एकही नवी अणुपाणबुडी सुरू झाली नाही, आणि डिझाईनच्या कामातला खंड तर त्याहून मोठा. गोदीतली माणसं तेरा हजारांच्या आसपास होती, ती तीन-एक हजारांवर आली. बाकीचे कुठे गेले? कुणी रिटायर झाले, कुणी दुसऱ्या शहरात दुसरं काम धरलं. एवढ्या आडगावातून एकदा कुटुंबासकट बाहेर पडलेला माणूस 'काम आलंय, या' म्हटल्यावर परत येत नाही.

त्या वेळी कुणालाच ही काळजी वाटली नसावी, कारण कागद तर सगळे होते. शिवाय नवीन सॉफ्टवेअरही आलं होतं! व्हॅनगार्डचं डिझाईन कागदावरची ड्रॉइंग आणि लहान आकाराची मॉडेल वापरून झालं होतं. अॅस्ट्यूट पूर्णपणे थ्री-डी कॅडवर करायची असं ठरलं. कॅडमुळे वेळ आणि पैसे वाचणार, हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक बांधलं. प्रत्यक्षात एवढ्या मोठ्या पाणबुडीसाठी ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे शिकण्यातच वेळ गेला. ज्यांना पाणबुडी कळत होती त्यांना कॅड येत नव्हतं, आणि कॅड येणारी माणसं त्या गावात मिळत नव्हती. तिकडे उत्पादन सुरू झालेलं, इकडे ड्रॉइंगच तयार नाहीत.

२००२ च्या डिसेंबरमध्ये बीएईने शेअर बाजाराला सांगितलं की नफा कमी होणार, आणि त्याच्या कारणांत हा प्रकल्प होता. फेब्रुवारी २००३ मध्ये तडजोड झाली. सरकारने आणखी ४३ कोटी पौंड घातले, कंपनीने २५ कोटींचा तोटा सोसला. आणि मग जे झालं ते ब्रिटिशांना किती झोंबलं असेल बघा. मदतीला अमेरिकेची 'इलेक्ट्रिक बोट' कंपनी बोलवावी लागली. तिथले अनुभवी डिझायनर कॅडचं काम मार्गी लावायला आले. पाणबुडीची गोल कडी आडवी ठेवून आत वाकून काम करण्यापेक्षा ती उभी करून सामान बसवायचं, असल्या युक्त्याही तिथूनच घेतल्या.

आता इलेक्ट्रिक बोटकडे ती माणसं कशी काय शिल्लक होती? शीतयुद्ध तर त्यांचंही संपलं होतं. त्यांचाही 'सीवुल्फ' वर्ग २९ वरून ३ वर आला. पण ती तिसरी सीवुल्फ बांधायचं अमेरिकेने १९९३ मध्ये ठरवलं, त्यामागचं एक मोठं कारण उघड सांगितलं होतं : गोदी चालू राहावी, कारागीर विखुरले जाऊ नयेत. पुढचा 'व्हर्जिनिया' वर्गही १९९८ मध्ये दोन गोद्यांना वाटून दिला, म्हणजे दोघीही जिवंत राहतील. तेव्हा टीका झालीच, गरज नसताना कशाला एवढा खर्च म्हणून. पण २००३ मध्ये शिकवायला कोण आलं आणि शिकायला कोण बसलं, हे बघा म्हणजे झालं.

हिशोब सांगतो. पहिल्या तीन पाणबुड्या २००९ मध्ये ५७ महिने उशिरा आणि १.३५ अब्ज पौंडांनी महाग झालेल्या होत्या. म्हणजे ५३ टक्के जास्त. 'अॅस्ट्यूट' ऑगस्ट २०१० मध्ये नौदलात आली.

इथे कुणी म्हणेल, अरे, मग काय काम नसताना दहा हजार माणसं पोसायची? करदात्यांचे पैसे झाडाला लागतात का? प्रश्न बरोबर आहे. तेरा हजार माणसं ठेवणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. अमेरिकेचंही सगळं आलबेल नाही. आज त्यांना वर्षाला दोन व्हर्जिनिया हव्या आहेत आणि तेवढ्या निघत नाहीत. पण सगळे ठेवा आणि सगळे सोडा, यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. रँड कॉर्पोरेशनने २०११ मध्ये या प्रकल्पातल्या धड्यांवर अख्खा अहवाल काढला, त्याचं सार मला तरी हेच वाटतं, की गाभ्याची माणसं हातात काम देऊन धरून ठेवा. गंमत म्हणजे ब्रिटनने हे नंतर स्वतःच मान्य केलं. २०१० मध्ये त्यांनी उरलेल्या अॅस्ट्यूटचा वेग मुद्दाम कमी केला, कशासाठी, तर पुढच्या 'ड्रेडनॉट' वर्गाचं काम सुरू होईपर्यंत गोदीत पुन्हा खंड पडू नये! हळू बांधणं महागच पडतं. तरी ते पत्करलं, कारण विसरणं किती महाग पडतं ते एकदा कळलं होतं. सहावी 'अॅगमेम्नन' सप्टेंबर २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडी म्हणून हा वर्ग उत्तम आहे, त्यात वाद नाही.

लांबचं कशाला, आपल्या मुंबईत बघा ना. माझगाव डॉकने जर्मन आराखड्याच्या 'शाल्की' आणि 'शंकुल' या दोन पाणबुड्या बांधल्या. शाल्की १९९२ ला आली, शंकुल १९९४ ला. आणखी दोन बांधता आल्या असत्या, पण लाचखोरीच्या आरोपांत ते सगळंच थांबलं. पुढचा करार झाला २००५ मध्ये, फ्रेंच स्कॉर्पिनचा. परदेशात पाठवून शिकवून आणलेल्या माणसांना दहा-अकरा वर्षं नवी पाणबुडी नाही! मग पुन्हा श्रीगणेशा. स्कॉर्पिन वर्गातली पहिली 'कलवरी' २०१२ ला यायची, ती डिसेंबर २०१७ ला आली. त्या साध्या डिझेलवरच्या. आता भारत स्वतःच्या हल्लेखोर अणुपाणबुड्या बांधणार आहे. दोघींना मंजुरी मिळाल्याची बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. या दोन झाल्यावर तिसरी कधी, हा प्रश्न मला पहिली कधी यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तर आता काकांची गोष्ट.

ते गेल्यावर मी त्यांचा कोड साफसूफ करायला घेतला. रात्रीच्या जॉबमध्ये एक विचित्र ओळ सापडली. दर पाचशे रेकॉर्डनंतर दोन सेकंद नुसतं थांबायचं. डॉक्युमेंटमध्ये त्याबद्दल काहीच नाही. मी ती उडवली. जॉब झकास पळायला लागला, स्टेटस मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं! मार्चअखेरीला डेटा वाढला आणि पलीकडची जुनी सिस्टिम गुदमरली. काही हजार नोंदी अर्धवट. दोन रात्री आम्ही पाच जण शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी लाज सोडून काकांना फोन केला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, ते दोन सेकंद कुठे गेले?"

पाच मिनिटांत निकाल. मी म्हटलं, "काका, केटीत हे सांगितलं का नाहीत तुम्ही?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू विचारलं नाहीस, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. तिथे थांबायचंच असतं."

यात त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. ज्याला येतं त्याला आपल्याला काय काय येतं याची यादी करता येत नाही. ते काम करताना बाहेर येतं, शेजारी बसलेल्याच्या अंगात मुरतं. बॅरोचंही तेच झालं. ड्रॉइंगं कपाटात होती, 'तिथे थांबायचंच असतं' हे माणसांच्या हातात होतं. कपाट राहिलं, हात गेले.

हल्ली ऑफिसात नवीन वाक्य ऐकतो. माणसं कमी झाली तरी हरकत नाही, कोड आणि डॉक्युमेंट एआय वाचेल. वाचेल की! पण जे लिहिलंच नाही ते काय वाचणार? कॅडवाल्यांनीही असाच हिशोब मांडला होता.

मी काही मॅनेजर नाही, कुणाला ठेवायचं हे मी ठरवत नाही. पण शीटमध्ये काय लिहायचं ते माझ्या हातात होतं. 'डॉक्युमेंट वाचलं, काम सोबत केलेलं नाही' एवढं खरं लिहिलं असतं तरी कदाचित काका आणखी एक क्वार्टर राहिले असते, आणि आमच्यातला एखादा ज्युनिअर त्यांच्या शेजारी बसला असता. मला तेव्हा माझं शीट हिरवं करायची घाई होती.

पुढच्या महिन्यात आमच्या टीममधून आणखी एक जण चाललीय. केटीचं शीट पुन्हा माझ्याकडेच आलंय. या वेळी मी तिला म्हटलंय, डॉक्युमेंट राहू दे, दोन आठवडे तुझं काम मी करतो, तू फक्त बाजूला बसून चुका काढ. मॅनेजरने अजून हो म्हटलेलं नाही.

बघू. शीटमध्ये 'पूर्ण' मात्र अजून लिहिलेलं नाही.