घरचें आरोग्य : यकृताची सूचना

दिंडोशीहून आमच्या एक वाचक भगिनी लिहितात : “यजमानांच्या रक्ततपासणींत एस. जी. पी. टी. ६८ आलें, प्रयोगशाळेची मर्यादा ४० आहे. मद्यास त्यांनीं कधीं स्पर्शही केला नाहीं. यकृत शुद्ध व्हावें म्हणून गुळवेलीचा काढा सुरू करूं का?”

भगिनींनीं प्रथम भीति टाकावी. हें द्रव्य मुख्यतः यकृताच्या पेशींत असतें. पेशींस इजा झाली म्हणजे तें रक्तांत अधिक उतरतें. वाढलेला आंकडा हा रोग नव्हे, सूचना होय. मात्र सूचना हंसण्यावारी नेऊं नये. कांहीं आठवड्यांनीं फेरतपासणी करावी, कावीळ ‘ब’ व ‘क’ यांची परीक्षा आणि पोटाची सोनोग्राफी डॉक्टरांच्या सल्ल्यानें करून घ्यावी.

निर्व्यसनी घरांत या वाढीचें नेहमींचें कारण यकृतांत सांचलेला मेद हें असतें. बैठें काम, सुटलेलें पोट, मधुमेह, वारंवार गोड चहा व फराळ हे त्याचे सोबती. वजन अधिक असल्यास तें शेंकडा ७ ते १० हळूहळू उतरविल्यानें मेद व दाह दोन्ही ओसरतात. दिंडोशीचे चढावाचे रस्ते दाराशींच आहेत; यजमानांनीं रोज अर्धा तास तेथें झपझप चालावें.

आतां काढ्याविषयीं. सन २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळांत मुंबईंत गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या विकारानें आजारी झाले. डॉ. आभा नगरल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही हकीकत २०२१ सालीं प्रसिद्ध केली. रुग्णांनीं घेतलेली वनस्पति खरोखर गुळवेलच होती हें तपासलें नाहीं, असा आक्षेप आयुष मंत्रालयानें घेतला. वाद कसाही सुटो. बाजारांतून आणलेली वेल नेमकी कोणती, हें आपल्या स्वयंपाकघरांत तरी कोण सांगणार? जें यकृत आधींच तक्रार करीत आहे, त्याच्यावर नवें ओझें घालूं नये. चालू असलेलें प्रत्येक औषध, काढा व चूर्ण डॉक्टरांस सांगावें. पण त्यांनीं दिलेल्या गोळ्या आपल्याच मतानें बंद करूं नयेत.

डोळे पिंवळे होणें, लघवी गडद होणें, सतत वांति, पोटास वा पायांस सूज, किंवा भ्रम यांपैकीं कांहींही दिसल्यास मात्र फेरतपासणीची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

यजमानांच्या काळजीनेंच काढा उकळावासा वाटतो, हें आम्ही जाणतों. तीच काळजी या खेपेस पातेलें खालीं उतरवून, त्यांच्यासोबत फिरावयास निघून दाखवावी.