परीक्षा ऑर्डर टाकणाऱ्याची, शिकवणाऱ्याची नाही

प्रति,
अध्यक्ष, भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी), मुंबई
विषय : अल्गो ट्रेडिंगची प्रमाणपत्रे आणि वर्धा जिल्हा

अल्गो ट्रेडिंगचे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमने आपोआप ऑर्डर टाकण्याचे, प्रमाणपत्र द्यायला या देशात कोणाचीही परवानगी लागत नाही. आर्वीत, हिंगणघाटात किंवा पुलगावात हॉल भाड्याने घ्यावा, प्रोजेक्टर लावावा, दोन दिवस वर्ग चालवावा आणि तिसऱ्या दिवशी सोनेरी किनारीचा कागद मुलांच्या हाती द्यावा. कायद्याला त्याचे काही वाटत नाही. ब्रोकरकडे बसून ग्राहकाची ऑप्शनची ऑर्डर टाकणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र सेबीनेच उभ्या केलेल्या एनआयएसएम या संस्थेची आठव्या मालिकेची परीक्षा सक्तीची आहे : 100 प्रश्न, दोन तास, 60 टक्के गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. ग्राहक सांगेल ती ऑर्डर टाकणाऱ्याची परीक्षा होते. ती ऑर्डर का आणि कशी टाकायची हे पैसे घेऊन शिकवणाऱ्याची होत नाही.

या वर्गांना येणारी मुले पुढे कोणत्या बाजारात उतरतात, हे सेबीला सांगायची गरज नाही. तिचेच अहवाल तीनदा सांगून झाले आहेत. जानेवारी 2023 मध्ये तिने जाहीर केले, की 2021-22 या वर्षात फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या 89 टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. सप्टेंबर 2024 च्या अहवालात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांसाठी हेच प्रमाण 93 टक्के निघाले आणि एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांच्या वर गेला. जुलै 2025 मध्ये तिसरा अहवाल आला : एका वर्षात 91 टक्के लोक तोट्यात, निव्वळ तोटा 1,05,603 कोटी. आदल्या वर्षी तो 74,812 कोटी होता. सप्टेंबर 2024 च्याच अहवालानुसार या व्यवहारांत उतरलेल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते, 72 टक्के लोक मोठ्या 30 शहरांबाहेरचे होते आणि तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेले होते. मोठ्या 30 शहरांबाहेर म्हणजे वर्धा, देवळी, सेलू, समुद्रपूर.

त्याच अहवालातील एक आकडा या पत्राचे मूळ कारण आहे. 2023-24 मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातील 97 टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या ब्रोकर संस्थांच्या नफ्यातील 96 टक्के नफा अल्गोमधून आला. हाच आकडा जाहिरातीत फिरवून मुलांना सांगितले जाते, की अल्गो शिकला तो जिंकला. अल्गो हे हत्यार आहे हे खरे. पण त्या संस्थांकडे गणितज्ञ आहेत, एक्स्चेंजच्या आवारात बसवलेले सर्व्हर आहेत आणि भांडवल आहे. मुलाकडे कर्जाऊ लॅपटॉप आणि दोन दिवसांचे शिक्षण आहे. या दोघांना एकाच शब्दात बसवणे ही फसवणूक आहे, आणि ती उघड्यावर चालते.

खऱ्या अभ्यासक्रमात काय असते हे जगाला ठाऊक आहे. पॉल विल्मट यांनी 2003 मध्ये सुरू केलेले सीक्यूएफ असो की मुंबईच्या क्वांटइन्स्टीचा सहा महिन्यांचा ईपॅट, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग यांना तिथे फाटा देता येत नाही. दोन दिवसांच्या वर्गात फाटा मिळतो तो नेमका यांनाच. पडद्यावर बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी चालवून पाहिल्याचा, आलेख दिसतो, डावीकडून उजवीकडे चढत गेलेला. तो कसा तयार होतो हे मुलांना दाखवले जात नाही. भावाच्या लहान मुदतीच्या सरासरीचे 20 पर्याय आणि मोठ्या मुदतीच्या सरासरीचे 10 पर्याय घेतले, की एकाच स्ट्रॅटेजीच्या 200 जोड्या होतात. किमती नाणेफेकीसारख्या निव्वळ यदृच्छेने हलत असल्या, तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर त्यातल्या सरासरी 10 जोड्या ‘यशस्वी’ ठरतात. त्या दहांतली सर्वांत देखणी पडद्यावर येते, बाकीच्या 199 फेकून दिलेल्या राहतात. त्यावर दलाली, कर आणि ऑर्डर लागेपर्यंत सरकलेला भाव यांचा हिशेब नसतोच. सेबीच्याच अहवालानुसार 2023-24 मध्ये व्यवहारखर्चापोटी माणशी सरासरी 26 हजार रुपये गेले. एवढे एक उदाहरण फळ्यावर सोडवून घेतले, तरी अर्धा हॉल रिकामा होईल.

सेबीने काहीच केले नाही असे नाही. 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने प्रत्येक अल्गोला ओळख क्रमांक आला, आणि ज्याचा तर्क ग्राहकाला दिसत नाही असा अल्गो पुरवणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी 29 जानेवारीच्या परिपत्रकाने शिकवणाऱ्यांना गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरायची मनाई केली. पण ‘केवळ शिक्षण’ अशी पाटी लावली, की नोंदणी लागत नाही, परीक्षा लागत नाही, आणि नोंदणीच नसल्यामुळे फी बुडालेल्या पालकाला सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रारही लावता येत नाही. हे दार सेबीने स्वतः उघडे ठेवले आहे.

जिल्ह्यात शिकवण्याची जागा नाही असेही नाही. वर्ध्यात 1940 पासून वाणिज्य महाविद्यालय आहे, विज्ञान महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी संस्था आहे. एनआयएसएम मात्र रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला, रेल्वेने शेकडो किलोमीटरच्या पल्याड. आणखी एक गोष्ट इथे बोचते. या जिल्ह्यातील मुलाला सोयाबीन आणि हरभऱ्याचा भाव लहानपणापासून कळतो. पाऊस, आवक, तेलबियांची आयात या सगळ्याचा अंदाज त्याच्या घरात रोज बांधला जातो. त्याच दोन पिकांचे वायदे सेबीने 2021 मध्ये बंद केले आणि बंदी पुनःपुन्हा वाढवली. जो त्याला समजतो तो बाजार बंद केला; जे समजत नाहीत ते निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन खुले ठेवले.

सेबीकडे मागण्या तीन आहेत. डेरिव्हेटिव्ह किंवा अल्गोचे शिक्षण फी घेऊन देणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी व्हावी आणि त्याला एनआयएसएमची परीक्षा लागू व्हावी, निदान ऑर्डर टाकणाऱ्याइतकी कडक. बॅकटेस्ट दाखवणाऱ्याने किती पर्याय तपासले आणि किती खर्च धरला हे त्याच पडद्यावर लिहावे, आणि फी घेण्यापूर्वी 91 टक्क्यांचा आकडा मराठीत वाचून दाखवून विद्यार्थ्याची सही घ्यावी. आणि एनआयएसएमने वर्ध्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्रासह पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम मराठीतून, परवडणाऱ्या फीमध्ये सुरू करावा. पहिली तुकडी येत्या जूनमध्ये बसू शकते.