मॉर्फीनला भ्यावे काय?

मॉर्फीन हे नाव तुमच्या कानावर आले असेल तर ते बहुधा व्यसनमुक्तीच्या एखाद्या भाषणात. गर्द, चरस, अफू यांच्या पंक्तीला बसलेले! परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची जी पहिली यादी केली, तीत मॉर्फीन होते आणि आजही आहे. एकच पदार्थ दोन्ही पंक्तींत कसा, हे शाळेत सहसा कोणी समजावून सांगत नाही. ते सांगितले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हे अर्धे ज्ञान घेऊन आपण घरी जातो आणि त्याची किंमत अंथरुणाला खिळलेला माणूस मोजतो.

कर्करोग हाडांत पसरला म्हणजे ज्या वेदना होतात, त्या पॅरासिटामॉलला क्वचितच दाद देतात. डॉक्टर मॉर्फीनची गोळी लिहून देतात, दर चार तासांनी एक. घरची माणसे काय म्हणतात? “अगदीच सोसेनासे झाले की देऊ, नाहीतर सवय लागेल.” हे प्रेमापोटीच म्हटलेले असते, पण शरीरक्रियेच्या दृष्टीने उलटे आहे. साध्या गोळीचा परिणाम चारएक तास टिकतो. तो ओसरला की वेदना पुन्हा उसळते, आणि उसळलेली वेदना दाबणे हे तिला उसळू न देण्यापेक्षा कठीण असते. म्हणून १९८६ मध्ये याच संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवरील उपचाराची जी पद्धत सांगितली, तीत औषध घड्याळाप्रमाणे द्यावे असे बजावले आहे.

खरा घोटाळा आपल्या ‘सवय’ या शब्दाने केला आहे. तीन निराळ्या गोष्टी आपण त्यात कोंबतो. काही काळाने तेवढ्याच मात्रेचा गुण कमी येऊ लागतो, ही एक. औषध एकदम बंद केले तर घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते, ही दुसरी. म्हणूनच ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवीत न्यावयाचे असते. तिसरी गोष्ट म्हणजे व्यसन: नुकसान होते आहे हे कळत असूनही औषधामागे धावणे. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे व्यसन नव्हे. देखरेखीखाली औषध घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला तिसरीचा धोका थोडा असतो. अजिबात नसतो असे मात्र नाही.

कायद्यानेही ही भीती वाढविली. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांची कटकट इतकी झाली की, अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, पण येथलाच रुग्ण तळमळत राही! १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले आणि रुग्णाला घरी राहून, देखरेखीखाली हे औषध देता येते हे दाखवून दिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन नियम सोपे झाले.

मग भीती अगदीच निराधार आहे काय? मुळीच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की श्वासाची गती वाढविते. मॉर्फीन ही जाणीव बोथट करते. मात्रा फार झाली तर माणूस गाढ झोपतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. दारू किंवा झोपेची गोळी सोबत घेतली तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. हाक मारून, हलवूनही माणूस जागा होत नसेल आणि श्वास फार संथ असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला दूरध्वनी करावा. नॅलोक्सोन नावाचे उताऱ्याचे औषध आहे, ते वेळेवर मिळाले पाहिजे.

घरातील गोळ्यांची वेळ सांभाळण्याचे काम पुष्कळदा तुमच्यासारख्यांकडेच येते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही गोळ्या बारा तास हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेल्या असतात. आजोबांना गिळता येत नाही म्हणून अशी गोळी खलून दुधातून दिली, तर बारा तासांचे औषध एकदम रक्तात जाते. अमेरिकेत १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीची नशेबाज लोक अशीच पूड करीत. ही गोळी बनविणाऱ्या कंपनीने व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगून तिचा जोरदार प्रचार केला होता. २००७ मध्ये तिने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तोवर पुष्कळ घरे उद्ध्वस्त झाली होती. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. पातळ औषधही असते.

एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये, याचेही कारण ऐका. कोडीन हे याच कुळातले औषध. यकृतातील एक विकर त्याचे मॉर्फीन बनविते. हे विकर काहींच्या शरीरात फारच वेगाने काम करते, काहींच्या जवळजवळ करीतच नाही. म्हणजे तीच गोळी एकाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला घातक! टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले अशीच दगावली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे ठरविले.

बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ सर्वांनाच होते आणि ते शरीराच्या अंगवळणी पडत नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून लागते. हे सांगण्यास रुग्ण लाजतो, तेव्हा आपणच विचारावे.

उरलेल्या गोळ्या ‘पुढेमागे लागतील’ म्हणून फडताळात ठेवून देण्याची आपली रीत आहे. या गोळ्यांना ती लागू नाही. औषध चालू असेतो त्या कुलपात असाव्यात, रोज मोजून वहीत मांडाव्यात, आणि काम संपले की जेथून मिळाल्या तेथे परत न्याव्यात.