अस्मितेचा शोध आणि सातबारा

‘स्वत्वाचा शोध’ हा शब्दप्रयोग मराठी स्त्रीवादी साहित्यात इतका गुळगुळीत झाला आहे की, हे स्वत्व नेमके हरवले कुठे, हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या वेदनेत सच्चेपणा होता. पुढे मात्र हा शोध बहुतांशी शहरी, सुशिक्षित स्त्रीच्या अंतर्मनातच घुटमळत राहिला. गौरी देशपांडे फलटणजवळच्या विंचुर्णीस राहिल्या; पण त्यांच्या नायिका वावरल्या देशोदेशी. विंचुर्णीहून नीरा ओलांडली की बारामती, पुढे इंदापूर. तिथल्या शेतकरी स्त्रीची ओळख अंतर्मनात नव्हे, तलाठ्याच्या दप्तरात ठरते.

नीरा डाव्या कालव्याने या भागाला ऊस दिला. जमीन ज्याच्या नावे, त्याचा ऊस. ऊस ज्याचा, तो माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याचा सभासद. सभासद तोच मतदार, आणि उसाचे बिलही त्याच्याच खात्यावर. लागणीपासून खुरपणीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर या साखळीत ती कुठेच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’तून जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्याचा आग्रह धरला. साहित्यिकांना न उमगलेले मर्म एका शेतकरी नेत्याला उमगले!

परंतु केवळ स्त्रीवाद्यांना दोष देऊन आपली सुटका नाही. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणारे हात कोणाचे? भाऊबीजेला तबकात ओवाळणी टाकणारेच ना? ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल’ हा धाक दाखवायचा आणि तिच्या मौनाला संस्कार म्हणायचे, ही कोणती संस्कृती?

हा कायदा पाश्चात्त्य अनुकरण आहे, असे म्हणणाऱ्यांनी ‘मिताक्षरा’ उघडून पाहावी. वारशाने, खरेदीने वा वाटणीने स्त्रीला मिळालेले धन विज्ञानेश्वराने नऊ शतकांपूर्वीच स्त्रीधनात गणले आहे. आणि ज्या पुणे-सुपे जहागिरीचा कारभार जिजाऊंनी पाहिला, त्यातले सुपे आज बारामती तालुक्यातच आहे. जिजाऊंच्या तसबिरीला हार घालायचा आणि घरच्या लेकीला निबंधक कार्यालयात अंगठ्यापुरती न्यायची, ही विसंगती आपल्याच ओसरीवरची आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी या सणाआधी एक उतारा काढावा. बहिणीचे नाव आहे काय, आणि असलेच तर ते कब्जेदार सदरी आहे की ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलले आहे, एवढेच पाहावे.