मनाई हुकूम आणि मैदान

“बाईने एक अर्ज केला की खेळाडूचं करिअर संपलं!” परवा स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले. मला ते पटलं नाही.

अमेरिकेतील बेसबॉलपटू ट्रेव्हर बाउअरचं प्रकरण पाहा. जून 2021 मध्ये एका महिलेच्या अर्जावर कॅलिफोर्नियातील न्यायालयाने त्याच्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे, तिच्यापासून दूर राहा. खेळू नकोस, असा त्याचा अर्थ नव्हता. जुलैमध्ये त्याला पगारी रजेवर पाठवलं ते मेजर लीग बेसबॉलने. त्याने आरोप नाकारले. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी कायम हुकूम द्यायला नकार दिला, पुढे फौजदारी खटलाही झाला नाही. तरी लीगने स्वतःच्या चौकशीनंतर 324 सामन्यांची बंदी घातली. लवादाने ती 194 वर आणली.

अदालतीचा हुकूम वेगळा, नोकरीचा नियम वेगळा. लीगचा नियम 2015 मध्ये खेळाडूंच्या संघटनेसोबत ठरला होता, म्हणून दाद मागायलाही जागा होती.

आपल्याकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पीडितेच्या कामाच्या जागी जायलाही मनाई करता येते. दोघं एकाच मैदानावर काम करत असतील तर? आपल्या क्रीडा संघटनांनी नियम आधीच लिहून ठेवावा: रजा पगारी, चौकशीला मुदत, अपिलाची सोय.

आणि अर्ज करणाऱ्या बाईला दोष देऊ नये. तिने संरक्षण मागितलेलं असतं. खेळवायचं की नाही, हे मालक ठरवतो.