दौलताबादचा हौद आणि स्क्वॉशचे कोर्ट

'स्क्वॉश' हा शब्द आपल्या एखाद्या वस्तीत उच्चारून पाहा. दहातल्या नऊ जणांना सरबताची बाटली आठवेल. ज्या दहाव्याला तो खेळ आहे हे ठाऊक असेल, त्यानेही तो टीव्हीवरच पाहिलेला असेल. मग आंबेडकरी चळवळीच्या दैनिकाने या खेळावर अग्रलेख कशासाठी खर्च करावा? बेरोजगारी, अत्याचार, शिष्यवृत्ती, गायरान हे प्रश्न संपले काय? ते संपलेले नाहीत. तरीही हा विषय आपला आहे, कारण मूळ प्रश्न खेळाचा नसून दाराचा आहे. दार कोणासाठी उघडते आणि कोणासाठी बंद राहते, हा प्रश्न आपल्या चळवळीइतकाच जुना आहे.

या प्रश्नाचा एक पत्ता आमच्या जिल्ह्यातच आहे. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराबाहेरील भरलेल्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून 'हौद बाटवला' असा गलका झाला आणि माणसे अंगावर धावून आली. धावून येणारे मुसलमान होते. अस्पृश्यता एका धर्माच्या वेशीवर थांबत नाही, हेच बाबासाहेबांनी पुढे ही आठवण लिहिताना दाखवून दिले. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर आणि त्याच्या पाण्यावर पहारा! किल्ला पाहा, पण पाण्याला शिवू नका. या व्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान एवढ्यात आले.

आता स्क्वॉशकडे येऊ. इंग्लंडमधील हॅरो या श्रीमंतांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात हा खेळ जन्माला आला. साहेबाच्या पलटणीबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि छावण्यांत, जिमखान्यांत व क्लबांत स्थिरावला. चार भिंती, दोन रॅकेट आणि एक छोटा रबरी चेंडू एवढेच त्याचे साहित्य. साहेब खेळायचा, चेंडू उचलायला, गुण मोजायला आणि साहेबाला सराव द्यायला नोकर असायचा. त्याला 'मार्कर' म्हणत. या खेळाचा खरा इतिहास मार्करांनी घडवला आहे. पेशावरजवळच्या एका खेड्यातील हाशिम खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू उचलत मोठा झाला. त्याचे वडील त्याच क्लबात नोकर होते. 1950 साली मुंबईकडून गेलेला अब्दुल बारी ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला. पुढच्याच वर्षी हाशिम खान तेथे गेला आणि जिंकला. एकूण 7 वेळा त्याने ही स्पर्धा जिंकली. त्याच गावच्या घराण्यातील जहांगीर खानने 1982 ते 1991 अशी सलग 10 वर्षे ती जिंकली आणि 2002 ते 2008 या काळात तो जागतिक स्क्वॉश महासंघाचा अध्यक्ष झाला. चेंडू उचलणाऱ्यांच्या घराण्यातला माणूस जागतिक संघटनेच्या खुर्चीवर बसला. 'गुणवत्ता' म्हणतात ती कोणाच्या घरी जन्मते, याचे यापेक्षा मोठे उत्तर काय असू शकते?

आपल्याकडेही असा माणूस होऊन गेला. पळवणकर बाळू पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखत आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच चर्मकार कुटुंबातील गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. पण मायदेशी हिंदू संघात त्यांना चहा वेगळ्या भांड्यात मिळे आणि कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले, हा इतिहासही लपवण्याचे कारण नाही. पण मैदानावर त्यांनी जे सिद्ध केले ते त्यामुळे पुसले जात नाही. 'खेळात जात कुठे आली?' असे विचारणाऱ्यांनी आधी बाळूंच्या त्या वेगळ्या भांड्याचा हिशेब द्यावा.

आज या खेळाकडे पाहण्याचे तातडीचे कारण आहे. स्क्वॉशची आंतरराष्ट्रीय संघटना 1967 साली स्थापन झाली. ऑलिंपिकचे दार तिने वर्षानुवर्षे ठोठावले. 2005 साली सिंगापूरला पुरेशी मते मिळाली नाहीत. 2009 साली गोल्फ आणि रग्बी आत गेले, स्क्वॉश बाहेर राहिला. 2013 साली पुन्हा नकार आला. अखेर 16 ऑक्टोबर 2023 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला प्रवेश मिळाला. हे अधिवेशन भरले होते आपल्याच मुंबईत. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र उलटे घडले. 1998 पासून तेथे असलेला हा खेळ ग्लासगो 2026 साठी खेळांची संख्या कमी करताना वगळला गेला. जागतिक संघटनांचे निर्णय असे चालतात. एका सभागृहात दार उघडते, दुसऱ्यात बंद होते आणि खेळाडूला कोणी विचारत नाही.

तरी या खेळाच्या कारभारातली एक गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे. पुरुष आणि महिला व्यावसायिक खेळाडूंच्या संघटना पूर्वी वेगळ्या होत्या. 2015 साली त्या एकत्र आल्या आणि मोठ्या स्पर्धांत समान बक्षीस रकमेचे तत्त्व रुजले. हे आपोआप झाले नाही. खेळाडू भांडल्या, संघटित झाल्या, तेव्हा झाले. नियम बदलले की मैदान बदलते, ही बाबासाहेबांची शिकवण येथेही खरी ठरते.

भारतीय खेळाडूंनीही या काळात मोठी मजल मारली. 2014 साली जोश्ना चिनप्पा व दीपिका पल्लिकल यांनी राष्ट्रकुलमध्ये दुहेरीचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी पुरुष संघाने आशियाई सुवर्ण मिळवले. 2023 साली हांगझोऊ येथे पुरुष संघाने अंतिम फेरीत पाकिस्तानला हरवून पुन्हा सुवर्ण आणले. त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर हा मराठी मुलगा होता. डिसेंबर 2025 मध्ये चेन्नईत भारताने हाँगकाँगला 3-0 असे हरवून प्रथमच स्क्वॉशचा विश्वचषक जिंकला. या खेळाडूंशी आमचे भांडण नाही, त्यांचे मनःपूर्वक अभिनंदनच आहे. आमचा प्रश्न त्यांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेला आहे. हा खेळ शिकायला मिळतो कुठे? महाराष्ट्रात तो मुख्यतः मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत, सभासदत्वाच्या फाटकाआड आणि महागड्या शाळांत शिकायला मिळतो. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर ओळीने उभ्या असलेल्या जिमखान्यांच्या जमिनी मुळात सरकारच्या, भाडेपट्ट्याने दिलेल्या. जमीन जनतेची आणि फाटकावर पहारा!

येथे वकील म्हणून काही मुद्दे मांडणे कर्तव्य समजतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. त्या कागदाची अंमलबजावणी करण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयातील लढा 1937 पर्यंत चालला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये बाबासाहेबांनी हा प्रश्न कायमचा निकालात काढला. पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही. सरकारी पैशातून उभे राहिलेले क्रीडासंकुल हे आजचे तळे आहे. तेथे आज जात विचारली जात नाही, हे खरे. आज शुल्क विचारले जाते, बूट विचारले जातात, प्रशिक्षकाची ओळख विचारली जाते. परिणाम तोच!

'संघटना खासगी आहे, तिला जाब विचारणारे तुम्ही कोण?' हा युक्तिवादही आता टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाच्या 2015 च्या निकालात स्पष्ट केले, की असे मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते आणि म्हणून उच्च न्यायालयात त्याला जाब विचारता येतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा मंडळ आले, क्रीडा न्यायाधिकरण आले. महासंघांच्या कार्यकारिणीत किमान 4 महिला आणि खेळाडूंचे प्रतिनिधी असणे बंधनकारक झाले. सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटना माहिती अधिकाराच्या कक्षेत आल्या. या सर्व तरतुदींचे स्वागत आहे. पण संपूर्ण कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वासाठी एक ओळ नाही! महिलांसाठी जागा राखता येतात, तर मग आमच्यासाठी का नाहीत? खेळाडूंमध्ये, प्रशिक्षकांमध्ये, निवड समित्यांमध्ये आमचे किती, याची मोजदादही कोणाला करावीशी वाटत नाही. ज्याची मोजदाद होत नाही, त्याचा वाटा मागता येत नाही, हे प्रस्थापितांना पक्के ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, आपल्या मुलांसाठी कबड्डी आहे, कुस्ती आहे, स्क्वॉश हवे कशाला? हा सल्ला नवा नाही. 'तुमच्या मुलांना अक्षरओळख पुरे, कॉलेज कशाला?' असेही एकेकाळी सांगितले गेले. बाबासाहेबांनी ते ऐकले असते तर 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले नसते. दुसरे असे, की हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. कबड्डीच्या मैदानावर हजारो मुले स्पर्धेत असतात. ज्या खेळात खेळणारेच मोजके, तेथे राज्य पातळीवर पोहोचण्याचा रस्ता लहान. हा लहान रस्ता आज फक्त ज्यांच्या दारात कोर्ट आहे त्यांनाच माहीत आहे. म्हणजे सवलत सर्वांसाठी, लाभ मूठभरांना!

'पैसा कुठून आणायचा?' हा तर हमखास विचारला जाणारा प्रश्न. डिसेंबर 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून 21 कोटींहून अधिक रुपये परस्पर वळवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण एवढी रक्कम खात्यातून जाईपर्यंत कोणाच्याही लक्षात आले नाही, यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मराठवाड्याच्या खेळासाठी पैसा नाही, हे खोटे आहे. पैसा होता. त्यावर लक्ष ठेवणारे डोळे नव्हते.

आणि खर्च तरी केवढा? स्क्वॉशचे कोर्ट 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद असते. दीड वर्गखोलीची जागा. त्याला गवताचे मैदान लागत नाही, पाणी लागत नाही, पावसाळ्यात खेळ थांबत नाही. दुष्काळी मराठवाड्याला यापेक्षा सोयीचा खेळ कोणता? रायगड जिल्ह्यातील कलोते गावात माजी राष्ट्रीय विजेते ऋत्विक भट्टाचार्य यांनी कोर्ट बांधून खेड्यातील मुलांना या खेळात आणले. चंदीगडला 'खेलशाला' हा उपक्रम गरीब वस्तीतील मुलांना स्क्वॉशबरोबर अभ्यासही शिकवतो. व्यक्ती आणि संस्था जे करू शकतात ते शासनाला का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळांपैकी प्रत्येक जिल्ह्यात निदान एका शाळेत स्क्वॉशचे कोर्ट व प्रशिक्षक द्यावा. अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी दरवर्षी अखर्चित ठेवण्यापेक्षा किंवा अन्यत्र पळवण्यापेक्षा तो येथे लावावा. दुसरी, सरकारी जमिनीवरील प्रत्येक जिमखान्याच्या भाडेपट्ट्यात आठवड्यातील ठराविक तास सरकारी शाळांतील मुलांसाठी विनाशुल्क राखण्याची अट घालावी. तिसरी, नव्या क्रीडा कायद्यात दुरुस्ती करून महासंघांच्या कार्यकारिणीत अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व द्यावे आणि सर्व खेळांतील खेळाडूंची सामाजिक आकडेवारी प्रसिद्ध करावी.

शासन काय करील ते करो, पण आपल्या तरुण वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. आपल्या जिल्ह्याच्या क्रीडासंकुलाला किती निधी आला, तो कशावर खर्च झाला, कोणत्या खेळाचे प्रशिक्षण कोणाला मिळाले, याचा माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाकावा. एका अर्जाला दहा रुपये लागतात. जयंतीच्या मंडळांनी डीजेच्या खर्चातून दोन रॅकेट घेतली तरी वस्तीतल्या चार मुलांची सुरुवात होते.

दौलताबादचा किल्ला आज तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला खुला आहे. आपल्या शाळांच्या सहली तेथे जातात, मुले हौदाजवळ उभी राहून फोटो काढतात. त्या पाण्यावरचा शिपाई आपोआप निघून गेला नाही. महाडला माणसे चालत गेली, बाबासाहेबांनी संविधानात कलम लिहिले, तेव्हा तो हटला. 2028 साली लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉशचा पहिला ऑलिंपिक सामना होईल तेव्हा आपली मुले तो टीव्हीवर पाहतील. 2036 साली तरी त्यांतले एखादे कोर्टात असावे असे वाटत असेल, तर जिमखान्याच्या फाटकावरचा शिपाई कोणी हटवायचा, हे आज ठरवावे लागेल.

जय भीम!